घोड्याच्या पाठीपलीकडचा बर्फ

माणूस सुखासाठी डोंगर चढतो, आणि माथ्यावर पोचल्यावर त्याला दिसतं की खरं सुख पलीकडच्या खोऱ्यात आहे. हे सत्य साधुसंतांना फार पूर्वीच कळलं होतं. त्यावर तिकीट लावता येतं, हे मात्र आमच्या ऑस्ट्रियातल्या टिरोलमधल्या पर्यटन मंडळांनी दाखवून दिलं.

पायांना फळ्या बांधून बर्फावरून घसरायला दर हिवाळ्यात अर्धा युरोप आमच्या दारात येतो. निघण्याआधी प्रत्येक घरात एका प्रश्नावरून भांडण होतं: स्कीची जागा जोडलेली घ्यायची की सुटी? सुटी म्हणजे लिफ्टने वर जायचं, घसरत खाली यायचं आणि निघालो तिथेच पोचायचं. जोडलेली म्हणजे वर जायचं, पलीकडे घसरायचं, तिथून पुन्हा वर, पुन्हा पलीकडे, असं करत करत दुपार कलली की आपण कुठे आलो हे कुणाला तरी विचारायचं. पहिल्या प्रकाराला पूर्वी स्कीइंग म्हणत. दुसऱ्याला अनुभव म्हणतात.

आमचं ओबरलान हे गाव सुटं होतं. खुर्च्यांची एक लिफ्ट, एक मोठा उतार, एक छोटा उतार आणि एक तिसरा उतार, जो फक्त नकाशात होता. वर डोंगरावर रोझिनामावशीची लाकडी खानावळ. (ती सख्खी मावशी कुणाचीच नाही, पण तसं तिला सांगायची गावात कुणाची छाती नाही.) तिथे दोनच गोष्टी मिळत: पावाच्या गोळ्यांचं सूप, आणि ‘सूप संपलं’ हे उत्तर.

‘घोड्याची पाठ’ नावाच्या डोंगरापलीकडे लांगेनमोस. ते आधीच आणखी तीन खोऱ्यांशी जोडलेलं होतं. आमच्याशी मात्र त्यांचं बोलणंसुद्धा नव्हतं. माझ्या आजोबांनी एकदा त्यांना पैदाशीसाठी वळू दिला होता. तो परत आला तेव्हा इतका थकलेला होता, की पुढे आयुष्यभर गायीकडे पाठ करूनच उभा राहिला. अशा जखमा लवकर भरत नाहीत. पण पर्यटन मोठं की वळू मोठा, असा प्रश्न ग्रामसभेत आला तेव्हा पर्यटन थोडक्यात जिंकलं आणि खोरे-जोडणी समिती स्थापन झाली.

मी, लेओनहार्ड प्लोनर, त्या समितीचा चिटणीस. गावात माझं छोटं गेस्टहाउस आहे. ते चालवते माझी बायको नोटबुर्गा. समितीने आधी रीतसर पाहणी केली. शंभरातल्या साठ पाहुण्यांना जोडणी हवी होती. उरलेल्या चाळीस जणांना आम्ही प्रश्न पुन्हा नीट समजावून सांगितला, तेव्हा त्यांनाही हवी झाली.

या चाळीस जणांत फक्त एक बाई शेवटपर्यंत समजून घेईना. ती म्हणजे हेडा फेन्स्के.

फेन्स्के नवरा-बायको जर्मनीतल्या कासेलचे. आमची मुलं रांगत होती तेव्हापासून दर फेब्रुवारीत आमच्याकडे येत. अन्सगार फेन्स्के वजनमाप खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. न्याहारीच्या टेबलावर दोन अंडी ठेवली तर त्यातलं मोठं कुठलं, हे ठरल्याशिवाय ते चमचा उचलत नसत. हेडाबाई जन्मभर सुईण होत्या. हजारभर बायकांना ‘घाई करू नकोस’ असं सांगून सांगून त्यांच्या स्वतःच्याच अंगात ते भिनलं होतं. दिवसात पाच वेळा मोठा उतार उतरायचा, मग रोझिनामावशीकडे उन्हात बाकावर बसून सूप प्यायचं आणि डोळे मिटायचे, एवढी त्यांची सुट्टी.

भांडणाचं मूळ होतं हेडाबाईंचा भाऊ रूडिगर. हा गृहस्थ एका नाताळाला फ्रान्समधल्या कुठल्याशा जोडलेल्या जागी जाऊन आला आणि जेवणाच्या टेबलावर सहज म्हणाला, “आम्ही चार खोरी केली. तुम्ही?” तेव्हापासून अन्सगारना भूक लागेनाशी झाली होती. पुढच्या फेब्रुवारीत माझ्या न्याहारीच्या टेबलावर जे झालं ते मी माझ्या कानांनी ऐकलं.

“हेडा, आपण इतकी वर्षं एकाच डोंगरावरून घसरतोय.”

“मग? डोंगराने तक्रार केली का?”

“रूडिगरने एका दिवसात चार खोरी केली.”

“रूडिगरने तीन लग्नंही केली. तीही करायचीत का तुला?”

स्वयंपाकघरातून नोटबुर्गाचं हसू ऐकू आलं. मी समितीचा चिटणीस असल्यामुळे तटस्थ राहिलो. फक्त अन्सगारच्या अंड्याखाली जोडणीचं माहितीपत्रक सरकवलं.

पुढच्या हिवाळ्यात जोडणी झाली. घोड्याच्या पाठीवरून तारेला लटकलेली केबिन धावू लागली. उद्घाटनाला दोन्ही गावांचे महापौर दोन बाजूंनी वर आले, एकाच केबिनमध्ये बसले आणि दोन वेगवेगळ्या खिडक्यांतून बाहेर बघत राहिले. याचा फोटो पत्रकावर छापला. खाली लिहिलं: ‘पाच खोरी, एक कुटुंब’. (कुटुंबात असंच असतं, त्यामुळे मजकुराला कुणी हरकत घेतली नाही.)

फेब्रुवारीत फेन्स्के आले. या वेळी अन्सगारनी फोनमध्ये असं काहीतरी घालून आणलं होतं की त्यावर प्रत्येक घसरगुंडीचं अंतर, उंची आणि वेग आपोआप चढत जाई. हेडाबाईंना त्यांनी पहिल्याच स्वच्छ सकाळी सोबत नेलं. पाचही खोरी करून लिफ्ट बंद होण्याआधी परत यायचं, असा बेत होता.

जोडलेल्या जागेत दिवस कसा जातो याचा आमच्या समितीने शास्त्रीय अभ्यास केला आहे. दिवसाचा मोठा भाग केबिनमध्ये अनोळखी माणसांच्या गुडघ्याला गुडघा लावून जातो. त्याहून थोडा कमी रांगेत. मग येतात जोडरस्ते. हे सपाट असतात. त्यावर माणूस घसरत नाही, दोन काठ्यांनी वाळूतून होडी वल्हवावी तसा स्वतःला पुढे ढकलतो. काही वेळ नकाशा उलटा धरण्यात जातो, काही तो सुलटा करण्यात. उरलेला वेळ संपूर्णपणे स्कीइंगसाठी राखीव असतो. (शौचालय या हिशेबात धरलेलं नाही. ते नेहमी पुढच्या खोऱ्यात असतं.)

लांगेनमोसच्या जोडरस्त्यावर हेडाबाई थांबल्या.

“अन्सगार, हे काय चाललंय?”

“हा फक्त दुवा आहे, हेडा. खरी मजा याच्यापुढे.”

“मघाशीही तू हेच म्हणालास. आणि मजेच्या वेळी आपण केबिनमध्ये होतो.”

“अजून तीन खोरी राहिलीत.”

“राहू देत. कुणी उचलून नेणार नाही ती. मी परत जाते. रोझिनाकडे ऊन आलं असेल आता.”

“आणि मी?”

“तू ये करून. पण ते जाड हातमोजे घाल. वारा फिरतोय.”

जाड हातमोज्यांनी फोनचं बटण दाबता येत नव्हतं, म्हणून ते अन्सगारनी हेडाबाईंच्या पिशवीत टाकले आणि ते पुढे निघाले. हे सगळं हेडाबाईंनी नोटबुर्गाला सांगितलं तेव्हा त्या आमच्या जेवणघरात बसल्या होत्या आणि बाहेर खिडकीच्या झडपा आपटत होत्या.

कारण दुपारनंतर फ्योन सुटला. हा दक्षिणेकडून येणारा उबदार वारा. तो आला की आमच्याकडे गायी दूध कमी देतात, माणसं विनाकारण भांडतात आणि उंचावरच्या केबिन बंद होतात. घोड्याच्या पाठीवरची केबिन वाऱ्यात बंद ठेवावी लागेल, हे बांधणाऱ्यांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. घोड्याच्या पाठीवर वारा नाही असा दिवसच नसतो, हे आम्ही त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंच नव्हतं.

केबिन बंद झाली तेव्हा डोंगराच्या चुकीच्या बाजूला किती माणसं होती, याचा आकडा समितीने जाहीर केलेला नाही. आमच्या दारात लांगेनमोसचे पाहुणे येऊन उभे राहिले आणि आमचे कुठे होते ते कुणालाच ठाऊक नव्हतं. अन्सगारचा फोन लागत नव्हता. मोजून मोजून फोनचा जीव गेला होता, हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच कळत होतं की अंधारायला लागलंय, डोंगरावर बर्फ उडतोय आणि एक सत्तरीचा माणूस पातळ हातमोजे घालून त्यात कुठेतरी आहे.

डोंगर-बचावाची माणसं कुत्री घेऊन वर गेली. मी लांगेनमोसच्या पर्यटन कार्यालयाला फोन लावला.

“कोण बोलतंय?” तिकडून.

“ओबरलानहून प्लोनर.”

“प्लोनर म्हणजे वळूवाले?”

“हो.”

तिकडे कुणीतरी घसा खाकरला. मग आवाज आला, “तो आधीपासूनच अशक्त होता. असं आमचे आजोबा सांगायचे.”

“असेल बाबा. माझा एक पाहुणा हरवलाय.”

“पाहुणे पुष्कळ आहेत. पार पाचव्या खोऱ्यातल्या फालकास्ट गावात शाळेच्या व्यायामशाळेत ठेवलेत. नावं अजून घेतली नाहीत. आधी सूप देताहेत.” आणि मग जरा खालच्या आवाजात, “म्हातारा आहे का? बघतो मी. फोन मोकळा ठेव.”

माझ्या आजोबांनंतर दोन गावांत झालेलं हे पहिलं सरळ बोलणं. समितीच्या अहवालात ते ‘खोऱ्यांमधील सामाजिक सुसंवाद’ या मथळ्याखाली आलं आहे.

इकडे हेडाबाईंनी ते जाड हातमोजे मांडीवर घेतले होते, आणि एकेक बोट सरळ करून पुन्हा दुमडत होत्या. नोटबुर्गाने चहा ठेवला, तो तसाच निवला. इतक्यात दार ढकलून रोझिनामावशी आत आली. हातात सुपाचं पातेलं. मावशी सूप घेऊन डोंगर उतरते ती फक्त मयताच्या घरी, हे हेडाबाईंना इतक्या वर्षांत माहीत झालं होतं. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

“रोझिना, कुणी गेलंय का?”

“अजून कळलं नाही,” मावशी म्हणाली, “म्हणून अर्धंच पातेलं आणलंय. खा.”

“नको.”

“तुझा नवरा मूर्ख आहे, हेडा. मूर्ख लवकर मरत नाहीत. माझा गेला तो शहाणा होता. खा म्हणते ना.”

हेडाबाईंनी चमचा उचलला आणि तसाच हातात धरून ठेवला. “मी सोबत जायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “मला तिथे कंटाळा आला म्हणून मी त्याला एकट्याला सोडलं. कंटाळा आला म्हणून!”

जोडणीचे फायदे माझ्या तोंडपाठ होते, पण मी गप्प बसलो.

फोन वाजला. लांगेनमोसहून असेल म्हणून मी झडप घातली. फोन कासेलहून होता. रूडिगर.

हेडाबाईंनी माझ्या हातातून तो ओढूनच घेतला. रूडिगरचा आवाज इतका मोठा की खोलीभर ऐकू येत होता.

“हेडा, तो जिवंत आहे! फालकास्टच्या कुठल्याशा शाळेत आहे. कुणाच्या तरी फोनवरून बोलला.”

“मग तुला का केला? इथे का नाही केला?”

“तुझा नंबर त्याच्या फोनमध्ये, आणि फोन मेलेला. पाठ असलेला एकच नंबर म्हणे. आपल्या आईबाबांच्या घराचा. मी अजून तिथेच राहतो ना, तो नंबर बदललाच नाही. लग्नाआधी तुला फोन करायचा, तो.”

हेडाबाईंनी हातातला चमचा हळूच टेबलावर ठेवला.

“हेडा? ऐकतेस ना?”

“ऐकतेय. काय म्हणाला?”

“म्हणाला, ‘रूडिगर, पाच!’ मला आधी काही कळेना. मग म्हणाला, वारा सुटला, अडकलोय. आणि ठेवता ठेवता म्हणाला, हेडाला कळव.”

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार? म्हटलं, मी चारच केली होती.”

हेडाबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांना रडू फुटलं. ते थांबेचना, तेव्हा नोटबुर्गा त्यांच्याजवळ जाऊन बसली. रोझिनामावशी पातेल्यावर झाकण ठेवून उठली. “आता उरलेलं अर्धं आणते,” ती म्हणाली. “जिवंत माणसाच्या बायकोला जास्त लागतं.”

दुसऱ्या दिवशीही वारा होता, त्यामुळे अन्सगार रस्त्याने आले. केबिनमधून एका सकाळीत पार होणारं हे अंतर रस्त्याने गेलं की वाटेत इटली लागते. बसमधून उतरले तेव्हा त्यांच्या पायांत स्कीचे बूट होते, अंगावर कुण्या शाळामास्तराची खेळाची विजार होती आणि चेहऱ्यावर असं तेज होतं की मला आमच्या चर्चमधले संत आठवले. हेडाबाई दारातच उभ्या होत्या.

“जेवलास?”

“जेवलो. हेडा, रात्री आम्ही सगळे उड्या मारायच्या गाद्यांवर झोपलो. डच लोक होते, एक दंतवैद्य होता. प्रत्येकाने आपापली खोरी सांगितली. आणि मी सगळ्यांच्या पुढे होतो!”

“पुढे होतास म्हणूनच मागे राहिलास.”

“तू काळजी केलीस का?”

हेडाबाईंनी हातमोजे त्यांच्या छातीवर दाबून दिले आणि त्या आत निघून गेल्या. अन्सगार मला म्हणाले, “रागावली आहे वाटतं.” मी म्हटलं, “पाहुण्यांच्या भावनांबाबत समितीने अजून पाहणी केलेली नाही.”

वारा पडल्यावर ते शहाण्यासारखे बायकोबरोबर आमच्या मोठ्या उताराकडे गेले. फोन खोलीत ठेवून. मीही त्या दिवशी वर होतो. दोघं खाली आली, पुन्हा वर गेली, पुन्हा खाली. मग रोझिनामावशीच्या बाकावर उन्हात बसली. हेडाबाईंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडून शेजारी बघितलं. अन्सगार मान लांब करून घोड्याच्या पाठीकडे बघत होते. दुकानाच्या काचेला नाक लावलेल्या पोरासारखे.

“जा,” हेडाबाई म्हणाल्या.

“छे छे. मी इथे मजेत आहे.”

“अन्सगार, इतकी वर्षं तू माझ्या शेजारी बसून पलीकडे बघतोस. आता पलीकडे जाऊन इकडे बघ. निदान मान तरी दुखायची नाही.”

“म्हणजे? तू रागावून म्हणतेस की खरंच?”

“खरंच म्हणते. पुढच्या वर्षापासून तू फालकास्टला राहा. मी इथे. रोज संध्याकाळी फोन कर, आणि नंबर पाठ कर माझा. त्या रात्री मला कळलं की तू मेलास तर मला फार वाईट वाटेल. पण त्या जोडरस्त्यावर मला हेही कळलं होतं की तू शेजारी वल्हवत राहिलास तर मीच तुला मारेन.”

रोझिनामावशीने आतून ओरडून सांगितलं, “हिचं ऐक रे! माझ्या नवऱ्याने माझं कधी ऐकलं नाही.”

तेव्हापासून तसंच चाललं आहे. दर फेब्रुवारीत अन्सगार फालकास्टला जातात. तिथल्या नगरपालिकेने आता व्यायामशाळेतल्या गाद्यांवर झोपणं हाही एक अनुभव म्हणून पत्रकात घातला आहे, आणि तो नेहमी भरलेला असतो. हेडाबाई आमच्याकडे येतात. संध्याकाळी फोन वाजतो. खोऱ्यांची गोष्ट चटकन संपते, मग अन्सगार विचारतात: आज ऊन होतं का? सूप मिळालं का? बाकावर माझ्या जागी कोण बसलं होतं? हेडाबाई सांगतात आणि ते पुन्हा पुन्हा विचारतात. एकदा तर त्यांनी फोन रोझिनामावशीला द्यायला लावला आणि सुपाला आज मीठ किती होतं ते विचारलं. नोटबुर्गाचं म्हणणं असं की लग्नाआधी ही दोघं अशीच बोलत असणार. मला यात एवढंच दिसतं की पूर्वी एका जोडप्याला एक खोली लागायची, आता दोन लागतात. समितीने हे जोडणीचं सर्वांत मोठं यश म्हणून नोंदवलं आहे आणि सहाव्या खोऱ्याशी बोलणी सुरू केली आहेत.

वाचकहो, इथवर येताना तुम्ही मनातून हेडाबाईंच्या बाजूने होता, हे मी जाणून आहे. सगळेच असतात. माझ्या जेवणघरात ही गोष्ट ऐकणारा प्रत्येक पाहुणा मान डोलावतो, ‘खरी सुट्टी तीच’ म्हणतो, डोळे पुसतो. आणि मग पुढच्या वर्षासाठी फालकास्टकडची खोली मागतो. कारण उन्हात बाकावर डोळे मिटून बसलो होतो, हे घरी गेल्यावर सांगायचं कुणाला? तेव्हा तुम्ही संकोचू नका. तुमच्या नावाची खोली मी तिकडेच धरून ठेवली आहे. इकडचा बाक रिकामाच असतो, तो तुम्हाला केबिनच्या खिडकीतून छान दिसेल.